चक्रांचे रंग आणि रंगीत खडे

भगिनींनो, गेल्या संक्रांतीस आपल्या मंडळाचे हळदीकुंकू झाले, त्या वेळची ही गोष्ट. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गडबड सर्व गावभर होती; तिळगूळ वाटून झाला, ओट्या भरून झाल्या आणि वाण लुटण्यास आरंभ झाला. कोणी डबी आणली होती, कोणी कापडी पिशवी. एका हौशी भगिनीने मात्र प्रत्येकीच्या हातावर सात रंगीत खड्यांचे एकेक कडे ठेवले. सोबत छापील चिठ्ठी होती. मूलाधार तांबडे, स्वाधिष्ठान नारिंगी, मणिपूर पिवळे, अनाहत हिरवे, विशुद्ध निळे, आज्ञा पारवे आणि सहस्रार जांभळे, असे सात चक्रांचे सात रंग आणि प्रत्येकाचा एकेक खडा तीत दिला होता. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘आपल्या ऋषिमुनींची पाच हजार वर्षांची परंपरा’.

कडी सुरेख होती. आम्ही सगळ्यांनी ती हौसेने हातांत घातली. आपल्या मंडळातल्या एका वयोवृद्ध आजी मात्र कडे हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. मग गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाल्या, “दीक्षा होऊन साठ वर्षं झाली मला. सहा चक्रं सांगितली गुरूंनी, सहा लिंगं सांगितली. हे खडे कुणी सांगितले हो? बाई, तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात. बघा की जरा.”

आजींची आज्ञा मोडवली नाही. वर्षभर जमेल तसे वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती आले ते या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपणांपुढे ठेवीत आहे. कोणाच्या श्रद्धेस धक्का लावावा हा हेतू नाही. वस्तू आपल्या घरात आली, तेव्हा ती कोठून आली एवढे विचारणे हा गृहिणीचा हक्कच होय.

प्रथम चक्रांविषयी. चक्र म्हणजे शरीर फाडून दाखविता येईल असा एखादा अवयव नव्हे. ध्यान करणाऱ्याने मन कोठे स्थिर करावे यासाठी योग्यांनी कल्पिलेली ती स्थाने आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत नाभिचक्राचा उल्लेख येतो. परंतु आज आपण ज्यांची नावे घडाघडा म्हणतो ती साखळी तेथे नाही. सहा चक्रांची ती मांडणी ठळकपणे दिसू लागते ती सुमारे दहाव्या-अकराव्या शतकातील कुब्जिकामतासारख्या तंत्रग्रंथांत. तेव्हासुद्धा सर्वत्र एकमत नव्हते. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ चक्रे सांगितली आहेत. कोणी पाच मानी, कोणी अधिक मानी. ज्याचा जसा गुरू तशी त्याची गणना. यात कोणाचे चुकले असे त्या काळी कोणासही वाटत नसे, कारण प्रत्येक मांडणी ही त्या त्या परंपरेतील साधनेची वाट होती.

आपल्या मराठी भाषेत हा विषय प्रथम डौलाने आला तो ज्ञानेश्वरीत. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवासे येथे हा ग्रंथ सिद्ध झाला. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या क्रमाने जे नाथपंथाचे धन ज्ञानदेवांकडे आले, ते त्यांनी सहाव्या अध्यायात मोकळेपणी वाटले. तेथे कुंडलिनीचे वर्णन करताना माउलींनी कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलाची उपमा दिली आहे. कुंकवाचा रंग माहीत नाही अशी मराठी बाई कोठे आहे? ती उपमा ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. आणि या सर्व वर्णनात माउलींनी साधकाला आसन सांगितले, आहार सांगितला, श्वासाचा संयम सांगितला. अमुक चक्रासाठी अमुक खडा धारण कर असे मात्र कोठेही सांगितलेले नाही.

आता रंगांकडे वळू. चक्रांच्या रंगांची जी जुनी वर्णने आहेत, त्यांत पूर्णानंद यतींचे षट्चक्रनिरूपण फार प्रसिद्ध आहे. शके 1499, म्हणजे इसवी सन 1577 मध्ये पूर्वेकडील बंगाल-आसामच्या बाजूस रचलेल्या श्रीतत्त्वचिंतामणि या मोठ्या ग्रंथाचे ते एक प्रकरण. त्यातील रंग आपल्या चिठ्ठीतील रंगांशी ताडून पाहिले, तेव्हा मी थक्कच झाले. मूलाधाराचे चतुर्दल कमळ तांबडे, हे खरे. पण त्याच्या आत पृथ्वीतत्त्वाचा चौकोन आहे तो पिवळा. स्वाधिष्ठानाच्या सहा पाकळ्या शेंदराच्या रंगाच्या, आणि आत जलतत्त्वाची चंद्रकोर पांढरी. मणिपुराच्या दहा पाकळ्या पिवळ्या नव्हेत, तर पाण्याने भरलेल्या मेघासारख्या काळ्यासावळ्या, आणि आत अग्नीचा तांबडा त्रिकोण. अनाहताच्या बारा पाकळ्या हिरव्या नव्हेत, तर दुपारीच्या फुलासारख्या लाल, आणि आत वायूचे षट्कोनी मंडल धुरकट. विशुद्धाच्या सोळा पाकळ्या धुरकट जांभळ्या, आत आकाशतत्त्वाचे वर्तुळ शुभ्र. आज्ञाचक्राच्या दोन पाकळ्या चंद्रासारख्या पांढऱ्या. आणि मस्तकावरील सहस्रदल कमळ, अधोमुख, तेही पौर्णिमेच्या चंद्राहून शुभ्र.

पाहा, एकेका चक्रात एकच रंग नाही. पाकळीचा निराळा, तत्त्वाचा निराळा, देवतेचा आणखी निराळा. शिवाय तेथे कोठे ऐरावत आहे, कोठे मकर आहे, कोठे मेंढा, कोठे काळवीट. एखाद्या कुशल बाईने अंगणात मोठी रांगोळी घालावी, तिच्यात ठिपके, रेषा आणि रंग सगळेच जागच्या जागी असावेत, तसे हे एकेक चित्र मनात रेखावयाचे असे. त्यातही एक मौज आहे. पहिल्या सहा चक्रांच्या पाकळ्या मोजा: चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन. बेरीज पन्नास. संस्कृत वर्णमालेची अक्षरेही या परंपरेत पन्नास धरतात, आणि एकेका पाकळीवर एकेक अक्षर बसविलेले असते. म्हणजे ज्याला आपण चक्र म्हणतो ते एका परीने साधकाचे मुळाक्षरांचे पुस्तकच होते! रंग, अक्षर, तत्त्व, देवता आणि नाद यांची सांगड तेथे आहे. खड्यांची सांगड नाही. मणिपूर या नावाचा अर्थ रत्नांचे नगर, तरीही त्या नगरासाठी सराफाकडे जाण्याची आज्ञा पूर्णानंदांनी केलेली नाही.

हे झाले पूर्वेकडचे. आता आपल्या सोलापुरात या. आजींनी ज्या सहा लिंगांची आठवण केली ती आपल्या गावच्या मातीतील गोष्ट आहे. बाराव्या शतकात, हे गाव सोन्नलिगे म्हणून ओळखले जात असता, येथे शिवयोगी सिद्धरामेश्वर झाले. त्यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. पुढे अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर ते कल्याणास बसवेश्वरादी शरणांच्या मेळाव्यात गेले. त्यांची कन्नड वचने आजही म्हटली जातात. त्या शरणांच्या परंपरेत षट्स्थल म्हणून एक मार्ग आहे: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य, अशा सहा पायऱ्या. या सहा पायऱ्यांना सहा लिंगे जोडलेली आहेत, आणि ती सहा चक्रांच्या ठिकाणी ध्यानात पाहावयाची असतात. आधाराच्या ठिकाणी आचारलिंग, स्वाधिष्ठानी गुरुलिंग, मणिपुरी शिवलिंग, अनाहती जंगमलिंग, विशुद्धी प्रसादलिंग आणि आज्ञास्थानी महालिंग.

या यादीतील पहिले नाव पुन्हा वाचा. आचारलिंग! मूळ पायाच्या ठिकाणी सिद्धरामांच्या परंपरेने ठेवला आहे तो आचार, म्हणजे मनुष्याची रोजची वागणूक. पाया तांबड्या खड्याने बळकट होतो असे नव्हे; तो सचोटीने, श्रमाने आणि शेजाऱ्याशी नीट वागल्याने बळकट होतो, असा त्याचा सरळ अर्थ मी घेते. ज्या सत्पुरुषाने तलाव खोदण्यास हातात कुदळ घेतली, त्याच्या गावात हा अर्थ कोणास फोड करून सांगावयास नको.

मग आपल्याकडे रत्नांना महत्त्व नव्हते काय? होते, आणि फार मोठे होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेची प्रकरणे आहेत. हिरा, मोती, माणिक, पाचू कसे पारखावेत हे तेथे तपशिलाने सांगितले आहे. रत्ने मुळात आली कोठून, याविषयी त्याने तीन मते नोंदविली आहेत. कोणी म्हणतात बल नावाच्या दैत्याच्या देहापासून झाली, कोणी म्हणतात दधीचीच्या अस्थींपासून, आणि कोणी म्हणतात की हे पृथ्वीच्या स्वभावानेच दगडांत आलेले वैचित्र्य आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ज्योतिषी पुराणकथेच्या शेजारी निसर्गाचे कारणही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, हे वाचून मला मोठा अभिमान वाटला.

पुढे रत्नांची सांगड बसली ती ग्रहांशी. सूर्याचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या. आपल्या आजीपणजीच्या अंगठीत जो खडा असे तो या हिशेबाने. ही नवरत्ने आहेत, नऊ ग्रहांची. सहा किंवा सात चक्रांशी त्यांचा मेळ घालू म्हटले तर गणितही जमत नाही. पांढऱ्या स्फटिकाला पूजेत मान आहे. स्फटिकाची जपमाळ असते, स्फटिकाचे लिंग असते, स्फटिकाचे श्रीयंत्र असते. पण तेथेही स्फटिक देवतेसाठी किंवा जपाची संख्या मोजण्यासाठी. तो उचलून शरीराच्या दुखऱ्या भागावर ठेवण्यासाठी नव्हे.

रंगीत खड्यांचा व्यापार तर आपल्या या मुलुखात दोन हजार वर्षांचा आहे. पहिल्या शतकाच्या सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाचे टिपण लिहून ठेवले, त्याला पेरिप्लस म्हणतात. त्यात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड भडोचच्या बंदराकडे जात, आणि तगर या नगराहून कापड जाई, असे म्हटले आहे. तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुन्या वस्तीत सापडलेले मणी ठेवलेले आहेत. मंडळाची सहल काढली तर एका दिवसात पाहून येता येईल. त्या काळच्या बायकांनीही रंगीत मणी ओवून गळ्यात घातले असतील, आरशात पाहून हसल्याही असतील. सुंदर वस्तू अंगावर असावी या इच्छेला शास्त्राचा आधार लागत नाही.

तर मग आपल्या हातातील कड्याची सात रंगांची मांडणी आली कोठून? तिचा धागा मला सापडला तो शाळेच्या वर्गात. चिठ्ठीतील रंगांची आद्याक्षरे वाचा: ता, ना, पि, हि, नि, पा, जा. अहो, हे तर आपण विज्ञानाच्या तासाला पाठ केलेले इंद्रधनुष्य! प्रकाशाचे पृथक्करण करून न्यूटनने ते आपल्या ऑप्टिक्स या ग्रंथात मांडले. तो ग्रंथ 1704 साली निघाला. न्यूटनने आरंभी पाचच मुख्य रंग मानले होते. पुढे संगीतातील सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि पारवा हे दोन त्याने घातले. ज्या पारव्या रंगावर आपले आज्ञाचक्र आज बसविले जाते, तो रंग यादीत आला तो असा.

न्यूटनचे रंग चक्रांपाशी येऊन पोहोचण्यास आणखी अडीच-पावणेतीन शतके लागली. सर जॉन वुड्रॉफ हे कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांनी आर्थर ॲव्हेलॉन या नावाने 1919 साली पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वाचकांपुढे हा विषय विस्ताराने आला. त्यानंतर 1927 साली थिऑसॉफिकल सोसायटीचे लेडबीटर यांनी चक्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या सोसायटीची स्थापना 1875 साली न्यूयॉर्क येथे झाली होती आणि 1882 पासून तिचे मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे होते. लेडबीटर यांनी जे रंग दिले ते आपल्याला अंतर्दृष्टीने दिसले असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या वर्णनात हृदयाचे चक्र सोनेरी आहे. आजच्यासारखे हिरवे नाही. स्वाधिष्ठानाच्या जागी तर त्यांनी प्लीहेचे चक्र घातले. म्हणजे 1927 पर्यंतही आजची यादी ठरलेली नव्हती.

ती सर्वत्र पसरली 1970 नंतरच्या काळात. 1977 साली क्रिस्टोफर हिल्स यांचे न्यूक्लिअर इव्होल्यूशन हे जाडजूड पुस्तक निघाले. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचे सात रंग खालून वर सात चक्रांना क्रमाने लावण्याची रीत अमेरिकेत रूढ होण्यास त्याचा मोठा हातभार लागला. त्या सुमारास तेथे स्फटिकांची आवड फार वाढली होती. कॅट्रिना राफेएल यांचे क्रिस्टल एन्लाइटनमेंट हे पुस्तक 1985 साली आले, आणि चक्रांच्या स्थानी त्या त्या रंगाचे खडे ठेवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. रंग जुळला की खडा जुळला, इतका तो हिशेब सोपा आहे. तांबड्याला तामडा, नारिंगीला अकीक, पिवळ्याला सुनेला, निळ्याला लाजवर्द, जांभळ्याला ॲमेथिस्ट म्हणजे जांभळा स्फटिक. हिरव्या हृदयावर कोणी हिरवा दगड ठेवतो, तर कोणी गुलाबी स्फटिक. दुकान बदलले की यादीही थोडी बदलते. तेथून ही रीत पुस्तकांतून, वर्गांतून आणि दुकानांतून फिरत फिरत भारतात परत आली, आणि येताना ‘प्राचीन परंपरा’ असा शिक्का मारून आली. पाच हजार वर्षे नव्हेत. या मांडणीचे वय सुमारे पन्नास वर्षे आहे. आपल्यातल्या कित्येकींचे वय तिच्याहून अधिक आहे!

यात हसण्यासारखे काही नाही, कारण नवी रीत जुनी वाटू लागण्यास फार काळ लागत नाही. नवरात्रात नऊ दिवस नऊ ठरलेल्या रंगांची लुगडी नेसण्याची चाल आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वर्तमानपत्रांमुळे पसरली. आज आपल्या नाती समजतात की पणजीही याच क्रमाने नेसत असे. पणजी बिचारी जे धुतलेले असेल ते नेसत असे. नवी चाल वाईट असते असे नाही. तिच्यामुळे बायका एकत्र येतात, फोटो काढतात, आनंद होतो. फक्त तिला तिचे खरे वय सांगावे.

खड्यांचेही खरे कुळ पाहू. आपला सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरून हा दगड झाला. रस निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून सूक्ष्म द्रव्ये साचली आणि गारगोटी, अकीक व निरनिराळे स्फटिक तयार झाले. विहीर खोदताना एखादा दगड फुटतो आणि आत साखरेसारखे चमचमते, ते हेच. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले असते.

आपल्या कड्यातील बहुतेक खडे या गारगोटीचीच भावंडे आहेत. जांभळा स्फटिक, सुनेला, गुलाबी स्फटिक, अकीक ही नावे निरनिराळी असली तरी मूळ द्रव्य एकच, सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच. रंग येतो तो फार थोड्या परक्या अंशाने. अकीकाचा तांबूसपणा लोहाच्या गंजाचा, आणि जांभळ्या स्फटिकाचा रंगही लोहाच्याच अंशामुळे व जमिनीतील नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे आलेला. जांभळा स्फटिक पुरेसा तापविला की बहुधा पिवळा होतो. बाजारातला बराचसा सुनेला असाच भट्टीतून आलेला असतो. आता विचार करा. भट्टीत घालण्यापूर्वी जो खडा मस्तकावरच्या सहस्राराचा होता, तोच भट्टीतून निघाल्यावर नाभीच्या मणिपुराचा कसा होईल? अकीकाला तर रंगाच्या पाण्यात बुडवून हवा तो रंग देतात. रंगाऱ्यांच्या आणि विणकरांच्या आपल्या गावात हे कौतुक कोणास नवे नाही. कच्चा रंग कोणता आणि पक्का कोणता, हे आपल्याकडे पोरसवदा मुलगीही चादर पाण्यात बुडवून सांगते.

इतके सगळे मी केवळ माहितीसाठी लिहिले असते, तर आजींचे समाधान होऊन विषय संपला असता. पण लिहिण्याचे खरे कारण दुसरेच आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या गळ्याला काही वर्षांपूर्वी सूज आली. थकवा फार, केस गळत, थंडी सोसवेना. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयास सांगितली. त्याच सुमारास कोणीतरी त्यांना म्हणाले, “तुमचं विशुद्ध चक्र बंद झालंय. मनातलं बोलत नाही ना तुम्ही, म्हणून.” आणि गळ्यात घालावयास एक निळा खडा दिला. ते शब्द जाऊबाईंच्या मनाला लागले, कारण ते अर्धे खरे होते. त्या घरात खरोखरच चाळीस वर्षे त्यांना मनातले कोणापाशी बोलता आले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. निळा खडा गळ्यात आला आणि गोळीची डबी कपाटात गेली. आठ महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डबी सापडली.

आज त्या बऱ्या आहेत. गोळी नेमाने चालू आहे. खडाही गळ्यात आहे. मी काढ म्हटले नाही. एकच बदल झाला. रोज दुपारी त्या माझ्याकडे येतात, चहा होतो, आणि आम्ही दोघी बोलत बसतो. गळ्याच्या ठिकाणी जे अडले होते त्याला बोलणे हवे होते, ग्रंथीला औषध हवे होते, आणि ही दोन्ही कामे आम्ही एका खड्यावर सोपवून मोकळे झालो होतो. खड्याचा यात काय दोष?

जुन्या ग्रंथांतील एक दृष्टान्त सांगून लेख पुरा करते. सांख्य-वेदान्ताच्या पंडितांना स्फटिक फार आवडे, तो औषध म्हणून नव्हे, दाखला म्हणून. शुद्ध स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवा. स्फटिक लाल दिसू लागतो. फूल उचला, तो पुन्हा जसाच्या तसा. रंग फुलाचा असतो. योगसूत्रांतही निर्मळ झालेल्या चित्ताला उत्तम मण्याचीच उपमा दिली आहे: ज्याच्या जवळ ठेवावे त्याचा रंग ते घेते. म्हणजे आपल्या परंपरेने स्फटिकाकडून शिकावयाचे ठरविले ते हे, की जवळ काय ठेवावयाचे ते पाहा. भयाजवळ ठेवलेले मन भयाचा रंग घेते, सत्याजवळ ठेवलेले सत्याचा.

यंदाच्या संक्रांतीस ती सात रंगांची कडी अवश्य हातात घालून या. फार गोड दिसतात. कोणी विचारले तर मात्र सांगा की रंग इंद्रधनुष्याचे आहेत, खडे काळ्या दगडाच्या पोकळीतले आहेत आणि जोडणी आपल्याच काळातली आहे. दुखणे असेल तर डॉक्टरांकडे जा, दुःख असेल तर मंडळात या. आणि पायाशी कोणते लिंग ठेवले आहे असे कोणी विचारले, तर आमच्या आजींकडे पाठवा. त्या एकाच शब्दात सांगतील: आचार.